माणूस आणि रोबो यांचे सामायिक जुळणी-केंद्र: डिजिटल ट्विनच्या साहाय्याने उभारणी कशी करावी

कारखान्यात रोबो बसवणे आता नवलाईचे राहिलेले नाही. परंतु त्याच्याभोवतीचे कुंपण काढून त्याच टेबलापाशी माणसाला उभे करणे, आणि त्या दोघांच्या कामाचे आभासी जुळे, म्हणजेच डिजिटल ट्विन, संगणकात सतत चालू ठेवणे, हे काम अजूनही बऱ्याच ठिकाणी अर्धवट समजुतीवर केले जाते. आधी रोबो विकत घेतला जातो, मग त्याला काम शोधले जाते, आणि शेवटी एक देखणे त्रिमितीय चित्र तयार करून त्याला डिजिटल ट्विन हे नाव दिले जाते. या लेखात मी उलटा क्रम मांडणार आहे: आधी काम, मग धोका, मग जुळे आणि सर्वांत शेवटी वेग. एक मुद्दा या सर्व पायऱ्यांत पुन्हा पुन्हा येईल, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. आभासी जुळे हे सल्ला देणारे साधन आहे. माणसाचा जीव राखण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, आणि त्याचा सल्लाही प्रत्यक्षाशी जितक्या वेळा ताडून पाहावा तितकाच विश्वासार्ह राहतो.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण सोबत घेऊ. पंपाचे ११ किलो वजनाचे ओतीव कवच उचलून टेबलावर आणायचे, त्याच्या तोंडावर गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बसवायचे, वर झाकण ठेवायचे, आठ बोल्ट आवळायचे आणि गळती तपासून पुढे पाठवायचे, असे हे केंद्र आहे. आज ते काम एक कामगार एकट्याने करतो आणि आपल्याला त्याच्या जोडीला रोबो द्यायचा आहे.

पहिली पायरी: काम उलगडून पाहा

सुरुवातीच्या दिवसांत रोबोचे नावही काढू नये. केंद्रावर दोन कॅमेरे लावावेत, एक वरून आणि एक बाजूने, आणि किमान दोन वेगवेगळ्या पाळ्यांतील वेगवेगळ्या कामगारांचे काम टिपावे. हे चित्रण कशासाठी आहे ते कामगारांना आधी सांगावे, आणि त्यांच्याबरोबर बसूनच ते पाहावे. कामाची जी माहिती कागदावर असते आणि जी हातात असते, त्यांच्यातील अंतर या बैठकीतच कळते.

आपल्या उदाहरणात कार्यसूचनेवर एवढेच लिहिलेले असते की 'बोल्ट हाताने लावावेत आणि नंतर टॉर्क रेंचने आवळावेत.' प्रत्यक्षात अनुभवी कामगार बोल्ट छिद्रावर टेकवून आधी थोडा उलटा फिरवतो. आट्याचे तोंड एकमेकांखाली घसरले की बोटांना बारीकशी टिक जाणवते, आणि त्या क्षणी तो बोल्ट सुलटा फिरवू लागतो. आटा वाकडा चढू नये यासाठीची ही युक्ती कोणत्याही कागदावर नसते. ती न पाहता 'बोल्ट लावणे' हे संपूर्ण काम रोबोकडे दिले, तर वाकड्या आट्याची अडचण पहिल्याच आठवड्यात उभी राहते.

कामाचे असे लहान घटक पाडल्यावर प्रत्येक घटकाला चार प्रश्न विचारावेत. यात वजन किंवा अवघड शरीरस्थिती आहे का? तीच हालचाल दिवसभर तशीच्या तशी होते का? यात स्पर्शाने, कानाने किंवा नजरेने घ्यावा लागणारा निर्णय आहे का? आणि यात चूक झाली तर ती पुढे केव्हा लक्षात येते? वजनाच्या बाबतीत केवळ किलोचा आकडा पाहून चालत नाही. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या उचलण्याविषयीच्या समीकरणात आदर्श परिस्थितीतील मर्यादा २३ किलो धरली आहे, पण वस्तू शरीरापासून जितकी दूर, कंबरेला जितका पीळ आणि उचलण्याची वारंवारता जितकी जास्त, तितकी ती मर्यादा खाली येते. ११ किलोचे कवच बाजूच्या रॅकमधून वळून दिवसाला काहीशे वेळा उचलणे म्हणूनच गंभीर बाब ठरते. शरीरस्थितीचे मूल्यमापन करण्यासाठी रूला ही १९९३ साली मांडलेली पद्धत सोपी आहे, आणि तिचे गुण आभासी मनुष्यप्रतिकृतीवरही काढता येत असल्याने ती पुढेही कामी येते.

आपल्या केंद्रासाठी वाटणी अशी निघते: कवच उचलणे, सोयीच्या कोनात धरून ठेवणे आणि शेवटचा नेमका टॉर्क (आवळण्याचा पीळ) देऊन त्याची नोंद ठेवणे हे रोबोचे काम, गॅस्केट बसवणे, बोल्टचे पहिले दोन आटे धरवणे आणि ओतकामातील दोष नजरेने टिपणे हे माणसाचे. 'कोबॉट', म्हणजे माणसासोबत काम करणारा रोबो, ही कल्पना १९९६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी मांडली, तेव्हा त्या यंत्रांना स्वतःची चालक शक्ती नव्हती. जोर माणसाने लावायचा आणि यंत्राने फक्त दिशा राखायची, अशी ती रचना होती. आजचे कोबॉट स्वतःच्या शक्तीने चालतात, तरी वाटणी करताना ती मूळ कल्पना आठवणे मला उपयुक्त वाटते.

याच टप्प्यावर सहवासाची पातळीही ठरवावी. दोघे शेजारी काम करतात पण जागा सामायिक नाही. जागा एकच आहे पण पाळीपाळीने वापरली जाते. दोघे एकाच वेळी एकाच वस्तूवर काम करतात. किंवा माणसाच्या हालचालीला रोबो तत्क्षणी प्रतिसाद देतो, अशा या चढत्या पातळ्या आहेत. बहुतेक जुळणी-केंद्रांना दुसरी पातळी पुरते. चौथी पातळी प्रात्यक्षिकात उठून दिसते, पण ती सिद्ध करणे आणि सांभाळणे फार कठीण असते.

दुसरी पायरी: धोक्याचे मूल्यमापन आणि आकडेमोड

ही पायरी सर्वांत मोठी आहे, आणि तिला लागणारा वेळ कमी करण्याचा मोह टाळला पाहिजे. धोका ओळखणे आणि कमी करणे यांची सर्वसाधारण पद्धत आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १२१०० क्रमांकाच्या मानकात आहे. औद्योगिक रोबोंसाठी आयएसओ १०२१८ हे दोन भागांचे मानक आहे, आणि त्याची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. २०१६ च्या आयएसओ टीएस १५०६६ या दस्तऐवजात माणूस-रोबो सहकार्याविषयी जे होते, ते आता मूळ मानकाच्या दुसऱ्या भागात सामावले आहे. नव्या आवृत्तीत भर 'सहकारी रोबो'वर नसून 'सहकारी उपयोजना'वर आहे, आणि हा बदल केवळ शब्दांचा समजू नये. रोबोचा हात कितीही मऊ आणि गोलसर असला, तरी त्याच्या ग्रिपरमध्ये (टोकावरच्या पकडीत) धारदार कडेचे ओतीव कवच असेल तर ते केंद्र सुरक्षित ठरत नाही. सुरक्षिततेचा दाखला पेटीत बंद होऊन येत नाही. तो संपूर्ण केंद्रासाठी मिळवावा लागतो.

संरक्षणाचे चार मार्ग प्रचलित आहेत: माणूस आत आला की रोबोने देखरेखीखाली थांबून राहणे, माणसाने हाताने धरून रोबोला चालवणे, दोघांतील अंतर आणि वेग यांवर नजर ठेवणे, आणि आदळले तरी इजा होणार नाही इतके बल मर्यादित ठेवणे. कोणता मार्ग कुठे चालेल हे मतांनी ठरत नाही, ते आकड्यांनी ठरवावे लागते. म्हणून दोन आकडेमोडी करून पाहू.

पहिली अंतराची. माणूस १.६ मीटर प्रतिसेकंद या वेगाने रोबोकडे चालत येतो, असे धरण्याची रीत आहे. समजा रोबोचा वेग १ मीटर प्रतिसेकंद आहे, सेन्सर आणि नियंत्रक यांना प्रतिसाद द्यायला ०.१ सेकंद लागतो, ब्रेक लागून हात थांबायला आणखी ०.३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो ०.१५ मीटर सरकतो. एकूण ०.४ सेकंदांत माणूस ०.६४ मीटर पुढे येतो. प्रतिसादाच्या काळात रोबो ०.१० मीटर सरकतो, आणि थांबताना आणखी ०.१५ मीटर. जमिनीपासून २०० मिलिमीटर उंचीवर लेझर स्कॅनर आडवा बसवला असेल, तर त्याला पाय दिसतात पण पुढे केलेला हात दिसत नाही. त्यासाठी १२०० मिलिमीटरमधून उंचीच्या ०.४ पट वजा करून येणारे अंतर, म्हणजे १.१२ मीटर, वाढवावे लागते, आणि ही भर कधीही ०.८५ मीटरपेक्षा कमी धरता येत नाही. मापनातील अनिश्चिततेसाठी ०.१० मीटर धरले, तर एकूण २.११ मीटर होतात.

आता रोबोचा वेग ०.२५ मीटर प्रतिसेकंदावर आणला, थांबण्याची वेळ ०.१ सेकंद आणि थांबण्याचे अंतर ०.०१५ मीटर झाले असे मानले, तर हीच बेरीज १.५८ मीटर येते. वेग चौथ्या हिश्शावर आणूनही अंतर फक्त अर्धा मीटर घटले, कारण बेरजेतील मोठा वाटा माणसाच्या चालीचा आणि पुढे येऊ शकणाऱ्या हाताचा आहे. याचा सरळ अर्थ असा की, केवळ अंतरावर नजर ठेवून दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करता येत नाही. हा मार्ग कवच रॅकमधून आणण्याच्या प्रवासासाठी ठीक आहे, टेबलावरच्या कामासाठी नाही.

दुसरी आकडेमोड आघाताची. टीएस १५०६६ मधील दाबाच्या मर्यादा माइन्झ विद्यापीठात १०० निरोगी प्रौढांवर केलेल्या वेदनासीमेच्या अभ्यासावर आधारलेल्या आहेत. त्या दस्तऐवजातील तक्त्यानुसार हात दाबला जाऊन अडकून राहिला तर १४० न्यूटनपर्यंतचे बल आणि क्षणिक धक्क्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे २८० न्यूटनपर्यंतचे बल ही मर्यादा आहे. छातीसाठीही हेच आकडे आहेत. पण शरीराचे वस्तुमान आणि लवचिकता वेगवेगळी असल्यामुळे परवानगीचा वेग सारखा निघत नाही. रोबोच्या हलत्या भागांचे वस्तुमान ४० किलो आणि ग्रिपरसह भार १४ किलो धरून तेथील सूत्राने हिशेब केला, तर हाताला लागणाऱ्या क्षणिक धक्क्यासाठी सुमारे १.३३ मीटर प्रतिसेकंद आणि छातीसाठी सुमारे ०.४१ मीटर प्रतिसेकंद येतात. झटक्याने मागे ढकलला जाऊ शकणारा मोकळा हात आणि जागेवर उभे असलेले धड यांच्यातील हा फरक आहे. चेहरा आणि डोके यांना होणारा स्पर्श तर मुळातच गृहीत धरायचा नसतो. रोबोचा मार्गच असा आखायचा की तो त्या उंचीवर माणसाच्या बाजूला येणार नाही. शिवाय हे फक्त बलाचे गणित झाले. संपर्काचे क्षेत्रफळ लहान असेल, तर दाबाची मर्यादा बलाच्या कितीतरी आधी ओलांडली जाते, आणि ओतकामाच्या कडेबाबत नेमके तेच होते.

म्हणून आपल्या केंद्रासाठी मिश्र रचना योग्य ठरते. कवच हातात असताना रोबो अंतराच्या देखरेखीखाली चालेल. ते टेबलावर धरून तो थांबेल, आणि हे थांबणे सुरक्षा-नियंत्रकाच्या नजरेखाली राहील. कामगार गॅस्केट, झाकण आणि बोल्टचे पहिले आटे हे काम उरकून बटण दाबेल. मग रोबो कवच फिक्स्चरमध्ये (वस्तू घट्ट धरणाऱ्या साच्यात) ठेवून, गोल आवरण असलेले आवळणीचे साधन घेईल आणि मर्यादित बलाने बोल्ट आवळेल. फिरत्या सॉकेटमध्ये (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या खोबणीत) हातमोजा गुंतण्याचा धोका रोबोच्या बल-मर्यादेने दूर होत नाही. त्यासाठी सॉकेटवर न फिरणारी बाहेरची नळी हवी, आणि ही गोष्ट मूल्यमापनात स्वतंत्र ओळीत लिहिलेली हवी.

तिसरी पायरी: जुळे तयार करा, पण प्रश्न ठरवून

मायकेल ग्रीव्ह्ज यांनी मिशिगन विद्यापीठात २००२ साली मांडलेल्या कल्पनेपासून 'डिजिटल ट्विन'चा इतिहास सांगितला जातो, आणि उत्पादनक्षेत्रातील ट्विनसाठी आयएसओ २३२४७ ही चौकट २०२१ पासून उपलब्ध आहे. व्यवहारात मात्र एक साधा भेद पुरतो. माहितीची देवाणघेवाण हातानेच होत असेल तर ती डिजिटल प्रतिकृती; प्रत्यक्षाकडून आभासीकडे माहिती आपोआप जात असेल तर ती डिजिटल छाया; आणि दोन्ही दिशांनी आपोआप जात असेल तरच ते जुळे. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे प्रामाणिकपणे ठरवावे. केंद्राची मांडणी तपासण्यासाठी प्रतिकृती पुरते, आणि देखभाल व सुधारणेसाठी छाया पुरते. जुळे तेव्हाच हवे, जेव्हा आभासी बाजूने घेतलेला निर्णय प्रत्यक्षात उतरवायचा असतो.

जुळ्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत ते लिहून काढले, की त्यात किती बारकावा हवा हे आपोआप ठरते. आपले प्रश्न असे आहेत: वेगवेगळ्या उंचीच्या कामगारांना कवच कोणत्या कोनात धरलेले सोयीचे पडते? हालचालीत कुठे बोट किंवा हात चिमटेल अशी फट तयार होते का? आणि एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ कुठे वाया जातो? दुसऱ्या प्रश्नासाठी आयएसओ १३८५४ मधील किमान फटी हाताशी ठेवाव्यात: बोटासाठी २५, हातासाठी १००, दंडासाठी १२० आणि डोक्यासाठी ३०० मिलिमीटर. रोबोच्या मार्गावरील प्रत्येक क्षणाला आसपासच्या सर्व फटी मोजणे माणसाला अशक्य आहे. संगणकाला ते काही मिनिटांत जमते. जुळ्याचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

भूमिती घेताना रेखाचित्रांवर विसंबू नये, प्रत्यक्ष जागा मोजावी. टेबलाचे पाय समतल करण्यासाठी लावलेले पत्र्याचे तुकडे, खांबावरचा केबलचा ट्रे, कामगाराने स्वतःच्या सोयीसाठी हलवलेला बोल्टचा डबा हे सर्व रेखाचित्रात नसते. मी काम केलेल्या एका केंद्रात जुळ्यानुसार ग्रिपर फिक्स्चरपासून व्यवस्थित अंतर राखून जात होता. प्रत्यक्षात सहाव्या अक्षाजवळची हवेची नळी वळताना बाहेर फुगायची आणि फिक्स्चरच्या पिनेत अडकायची, कारण आमच्या प्रतिकृतीत नळीच नव्हती. तेव्हापासून केबल आणि नळ्यांभोवती त्यांच्या सर्वांत मोठ्या फुगवट्याएवढा एक ढोबळ दंडगोल आभासी बाजूला जोडल्याशिवाय मी कोणतीही टक्कर-तपासणी ग्राह्य धरत नाही.

निर्देशांकांच्या बाबतीत एक शिस्त पाळावी: संपूर्ण केंद्रासाठी एकच मूळबिंदू, आणि तो टेबलावर कायमस्वरूपी कोरलेला. रोबोची पुनरावृत्तीक्षमता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवावे लागते. शिकवलेल्या बिंदूवर रोबो मिलिमीटरच्या काही शतांश भागांच्या फरकाने पुन्हा पुन्हा येऊ शकतो; पण आभासी जगात काढलेल्या बिंदूवर त्याला पाठवले तर फरक मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. म्हणून ग्रिपरच्या टोकाचे मापांकन, टेबलावरील किमान तीन ते चार दूरदूरच्या बिंदूंना स्पर्श करून घेतलेली ताडणी, आणि त्या फरकांची लेखी नोंद ही कामे जुळे तयार झाल्यावर लगेच करावीत.

चौथी पायरी: दोन बाजू जोडा आणि मधली सीमा आखा

रोबो, पीएलसी (केंद्रातील यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक), टॉर्कचे साधन आणि स्कॅनर यांच्याकडून माहिती घेण्यासाठी ओपीसी यूए ही यंत्रांमधील माहितीच्या देवाणघेवाणीची प्रमाणित पद्धत सर्वमान्य झाली आहे, आणि हलक्या संदेशांसाठी एमक्यूटीटी ही संदेश-पद्धत वापरली जाते. साधन कोणतेही असो, प्रत्येक नोंदीवर ती जिथे निर्माण झाली तिथल्या घड्याळाची वेळ असली पाहिजे, ती संगणकात पोचल्याची नव्हे. आणि ही सर्व घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. साध्या नेटवर्क-वेळेने मिलिसेकंदांचा मेळ बसतो. त्याहून बारीक मेळ हवा असेल, तर आयईईई १५८८ या मानकातील पद्धत वापरावी लागते.

विलंबाचे भान ठेवण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. रोबो १ मीटर प्रतिसेकंद वेगाने चालला असेल आणि जुळ्याला ती स्थिती २०० मिलिसेकंद उशिरा कळत असेल, तर पडद्यावरचा हात खऱ्या हातापेक्षा २०० मिलिमीटर मागे असतो. कामगाराच्या डोळ्यांवरील उपकरणात हेच चित्र दाखवले, तर त्याला रोबो जिथे दिसतो तिथे तो नसतो. म्हणून अशा उपकरणांत रोबोची सद्यस्थिती दाखवण्यापेक्षा त्याचा पुढचा ठरलेला मार्ग दाखवणे अधिक उपयोगी आणि अधिक सुरक्षित असते.

आता सीमेविषयी. थांबवण्याचा आदेश स्कॅनरकडून सुरक्षा-नियंत्रकाकडे आणि तिथून ब्रेककडे जातो. या साखळीत जुळे, सर्व्हर किंवा सर्वसाधारण नेटवर्क कुठेही येता कामा नये. जुळे बंद पडले, चुकीचे बोलू लागले किंवा कोणी बाहेरून त्यात शिरकाव केला, तरी थांबण्याच्या कृतीवर काडीचाही परिणाम होऊ नये. उलट दिशेने जुळ्याला जे लिहिण्याची मुभा द्यायची, ती आधी तपासून मंजूर केलेल्या मोजक्या पर्यायांपुरती ठेवावी. उदाहरणार्थ, कामगाराच्या उंचीनुसार कवच धरण्याचे चार कोन आधीच सिद्ध केलेले असावेत आणि जुळ्याने त्यांपैकी एकाचा क्रमांक सुचवावा. वेग कमी करण्याची सूचना त्याने द्यावी. वाढवण्याची देऊ नये. नेटवर्कच्या विभागणीसाठी आयईसी ६२४४३ या मालिकेतील क्षेत्र (नेटवर्कचे वेगळे विभाग) आणि मार्गिका (त्यांना जोडणारे नियंत्रित मार्ग) यांची कल्पना वापरता येते, आणि सुरक्षा-नियंत्रकाचे क्षेत्र त्यात सर्वांत बंदिस्त ठेवावे.

पाचवी पायरी: आभासी चालवणी

रोबोचा खरा नियंत्रक किंवा निर्मात्याने दिलेला त्याचा आभासी नियंत्रक प्रतिकृतीला जोडून संपूर्ण फेरी चालवावी. सर्व काही सुरळीत असतानाची फेरी चालवून फारसे शिकायला मिळत नाही. मुद्दाम बिघडवून पाहावे: कवच ग्रिपरमध्ये तिरके आले, हवेचा दाब मध्येच गेला, कामगाराने बटण दाबून पुन्हा हात आत घातला, आठापैकी एक बोल्ट लावलाच नाही, वीज जाऊन परत आली. शेवटची परिस्थिती विशेष महत्त्वाची आहे, कारण पुन्हा सुरू होताना रोबोने आपोआप हालचाल करता कामा नये आणि हातातले कवच वीज गेल्यावरही खाली पडता कामा नये.

याच टप्प्यावर कामगारांना आभासी वास्तवाचे उपकरण लावून केंद्रात उभे करावे. त्यांना फक्त दाखवण्यासाठी न बोलावता बदलण्याचा अधिकार देऊन बोलवावे. डावखुऱ्या कामगाराने बोल्टचा डबा दुसऱ्या बाजूला मागितला, तर तो आज एका क्लिकने हलतो. प्रत्यक्ष केंद्र उभे राहिल्यावर त्यासाठी अंतराची सगळी गणिते पुन्हा करावी लागतात. उपकरणातून बाहेर आल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: रोबो पुढे काय करणार हे कुठल्या क्षणी कळले नाही? ज्या क्षणांवर दोघातिघांचे एकमत होईल, तिथे मार्ग बदलावा, किंवा हालचालीआधी दिव्याचा अगर आवाजाचा इशारा द्यावा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष चालवणी आणि मोजमाप

प्रत्यक्ष रोबो प्रथम हातानियंत्रणाच्या कमी वेगाने, म्हणजे २५० मिलिमीटर प्रतिसेकंदाच्या आत, टीच पेंडंट (रोबो हाताने चालवण्याचा नियंत्रण-फलक) हातात धरून चालवावा. या काळात सामायिक जागेत दुसरे कोणीही नसावे.

त्यानंतर मोजमाप सुरू होते आणि ते टाळता येत नाही. थांबण्याचे अंतर आणि वेळ यांची निर्मात्याची माहिती सहसा भार, वेग आणि हाताचा पसारा यांच्या ३३, ६६ आणि १०० टक्क्यांना दिलेली असते. आपल्या खऱ्या ग्रिपरसह, खऱ्या कवचासह आणि सर्वांत प्रतिकूल स्थितीत ती स्वतः मोजावी. दुसऱ्या पायरीतील ०.३ सेकंद प्रत्यक्षात ०.३८ निघाले, तर माणूस त्या जास्तीच्या वेळात जवळपास १३ सेंटिमीटर पुढे येतो, आणि स्कॅनरचे क्षेत्र तेवढे वाढवावे लागते. संपर्काच्या जागी बल आणि दाब मोजण्यासाठी स्प्रिंग आणि दाबपट्टी असलेले खास उपकरण असते. हाताच्या चाचणीसाठी ७५ न्यूटन प्रतिमिलिमीटरची स्प्रिंग लावतात. चिमटा बसण्याच्या जागा आणि मोकळ्या धक्क्याच्या जागा वेगवेगळ्या मोजाव्यात, प्रत्येक ठिकाणी अनेकदा मोजावे आणि सरासरीऐवजी सर्वांत वाईट आकडा ग्राह्य धरावा.

हे सर्व आकडे मग जुळ्यात परत घालावेत. आभासी बाजूने सांगितलेला फेरीचा वेळ आणि प्रत्यक्ष वेळ, आभासी थांबण्याचे अंतर आणि प्रत्यक्ष अंतर, यांचा फरक किती चालेल ते आधीच ठरवलेले असावे. फरक त्याबाहेर गेला, तर प्रतिकृती दुरुस्त होईपर्यंत तिच्या सूचना वापरू नयेत.

सातवी पायरी: माणसांची तयारी

प्रशिक्षणात कोणते बटण कशासाठी हे सांगणे आवश्यक आहेच, पण कामगाराला रोबोच्या मर्यादा समजल्या तरच त्याचा विश्वास योग्य जागी बसतो. स्कॅनरला काय दिसत नाही, बल-मर्यादा कोणत्या हालचालीत लागू नाही, आवळणीच्या साधनापासून हात दूर का ठेवायचा, हे प्रत्यक्ष दाखवावे. स्वतःच्या तळहातावर मंजूर मर्यादेतील स्पर्श एकदा अनुभवलेला माणूस रोबोला विनाकारण घाबरत नाही आणि त्याच्याशी निष्काळजीही राहत नाही.

कामाची गती कोण ठरवतो, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत नाजूक आहे. रोबो वाट पाहत असल्याचा दिवा सतत लुकलुकत राहिला, तर माणूस घाई करू लागतो आणि गॅस्केट वाकडे बसते. पुढच्या कृतीची परवानगी कामगाराच्या हातात ठेवावी, आणि रोबो व माणूस यांच्यामध्ये तयार भागांची लहानशी साठवण ठेवावी, म्हणजे एकाचा उशीर दुसऱ्यावर लगेच ढकलला जात नाही. तसेच जुळ्यात जमणारी हालचालींची माहिती ही एका माणसाच्या शरीराची माहिती आहे. ती केंद्र सुधारण्यासाठी नाव वगळून वापरावी, कामगाराची कामगिरी मोजण्यासाठी वापरू नये, आणि ती किती दिवस ठेवणार हे लेखी सांगावे. हा शब्द एकदा मोडला, तर पुढच्या वेळी कामगार त्याच्या हातातली युक्ती कॅमेऱ्यासमोर दाखवणार नाही.

आठवी पायरी: बदलांची नोंद आणि नियमित ताडणी

केंद्र सुरू झाल्यावर ते हळूहळू बदलत जाते. ग्रिपरचे रबर झिजते, नवीन प्रकारचे कवच येते, कोणी तरी रॅक हातभर सरकवतो. म्हणून आठवड्यातून एकदा, पाळी सुरू होताना, रोबोने टेबलावर कोरलेल्या मूळबिंदूला आणि इतर ताडणी-बिंदूंना स्पर्श करून फरकाची नोंद करावी. याला दहा मिनिटेही लागत नाहीत. फरक एकाच दिशेने वाढत असेल तर फिक्स्चर सैल झाले आहे का ते पाहावे; अचानक उडी घेतली असेल तर कुठे तरी टक्कर झाली आहे आणि ती कोणी सांगितलेली नाही असे समजून चौकशी करावी, मात्र दोष शोधण्याच्या सुरात नव्हे. थांबण्याची वेळ ठरावीक काळाने पुन्हा मोजावी, कारण ब्रेकही झिजतात.

बदलांसाठी एक पानाचा साधा अर्ज केंद्रावरच टांगलेला असावा: काय बदलले, कोणी, केव्हा, धोक्याच्या मूल्यमापनातील कोणत्या ओळीवर परिणाम होतो, आणि जुळ्यात बदल उतरवला का. कोणता बदल मोठा आणि कोणता किरकोळ, हे बदल करणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. उभे राहून पाय दुखतात म्हणून कामगाराच्या पायाखाली ४० मिलिमीटर जाडीचा फलाट टाकला, तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे त्याचे कोपर, छाती आणि डोके तितकेच वर येतात, कवच धरण्याचा कोन बदलावा लागतो, रोबोचा मार्ग डोक्याच्या उंचीपासून किती दूर आहे ते पुन्हा तपासावे लागते, आणि फलाटाची कड स्कॅनरच्या क्षेत्रात येते का तेही पाहावे लागते. फलाट त्याच दिवशी द्यावा, आणि ही तपासणी पूर्ण होऊन अर्जावर सह्या होईपर्यंत केंद्र रोबो बंद ठेवून हातानेच चालवावे.